अकरा बंदुकांची पूजा

चार वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, नवऱ्याला नाही, ज्या मैत्रिणीला घरातलं सगळं उणंदुणं सांगते तिलाही नाही. एकदा नवऱ्याला सांगायला गेलेले — गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. "अरे, तुला एक सांगायचंय" म्हटलं, आणि मग चिमटे संपलेत एवढंच सांगितलं. तो चिमटे घेऊनही आला.

तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे. "एवढंच ना?" असं तुम्ही म्हणालात तरी ते माझ्या कानावर येणार नाही. मला त्या "एवढंच ना"चीच जास्त भीती वाटायची — का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

आधी माझं काम सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माजिवड्याला हायवेच्या आतल्या बाजूला, टॉवरांच्या मधे, एक मोकळा तुकडा अजून शिल्लक आहे. तिथे आमचं मैदान आहे. टायर, पिंपं, फळ्या यांचे आडोसे उभे केलेत. लोक तोंडावर मास्क घालतात, दोन पार्ट्या करतात आणि बॅटरीवर चालणाऱ्या बंदुकांनी एकमेकांवर प्लास्टिकच्या गोळ्या झाडतात. ऑफिसवाले येतात, कॉलेजवाले येतात, एकदा एक अख्खं लग्नघर आलेलं, नवऱ्यामुलासकट. जागा दादांची. दादा म्हणजे आमचे मालक, इथलेच, आजोबांच्या वेळेपर्यंत याच जमिनीत भात लावायचे. मी तिथे सगळं बघते — बुकिंग, मास्क, गोळ्या, भांडणं. ठाकुर्लीहून येऊन-जाऊन करते. हे घडलं तेव्हा कामाला लागून सहा महिने झालेले. त्याआधी मी दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला होते, त्यामुळे बंदुकीतलं मला किती कळत असेल ते समजून घ्या.

बंदुका दुरुस्त करायचे ते तेंडोलकर काका.

काका मूळचे वेंगुर्ल्याकडचे, राहायला कोपरीत. तीस वर्षं एका कारखान्यात मोटरी गुंडाळायचं काम केलेलं. कारखाना बंद झाला, काका रिटायर झाले, पण हात रिटायर झाले नाहीत, असं ते स्वतःच सांगायचे. दादांनी त्यांना बोलावलं तेव्हा त्यांनी पहिली बंदूक उघडून बघितली आणि म्हणाले, हा तर मिक्सर आहे गो. आणि खरंच, आत फार काही नसतं. एक मोटर, तीन दातेरी चाकं, एक स्प्रिंग, एक पिस्टन. चाकं पिस्टनला मागे ओढतात, सोडतात, हवा सुटते आणि गोळी नळीतून बाहेर जाते. बिघडायला मात्र शंभर कारणं.

ते बिघाड शोधायचे ते बघण्यासारखं असायचं. मी मुद्दाम जाऊन बसायचे. बाहेरून आत, हा त्यांचा नियम. आधी बॅटरी, मग फ्यूज, मग वायर, मग नळीत काडी घालून बघायचं, मग मोटर. गियरची पेटी उघडायची ती सगळ्यात शेवटी. आणि पेटी एकदा उघडली की कारण सापडल्याशिवाय बंद करायची नाही. नुसता मोडलेला भाग बदलला आणि झाकण लावलं, असं त्यांनी कधी केलं नाही. "मोडला तो का मोडला?" हे ते त्या भागालाच विचारायचे, हातात धरून, चष्मा कपाळावर सरकवून. मला हसू यायचं. मला त्यांच्या बऱ्याच गोष्टींचं हसू यायचं.

हात थोडे थरथरायचे, हे खरं आहे. कपात चहा हलायचा. स्क्रूवर हात गेला की थांबायचे. मी बघितलेलं आहे म्हणून सांगते — कपाला थरथर, स्क्रूला नाही.

तर, त्या वर्षीची खंडेनवमी.

आमच्याकडे, म्हणजे माझ्या माहेरी, खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड पाटावर यायचं. सुरी, अडकित्ता, वडिलांचे पाने, आईचं शिवणयंत्र. वडील लेथवर काम करायचे, ते मोजपट्टीलासुद्धा कुंकू लावायचे. मैदानावर अकरा बंदुका, आणि खंडेनवमीला त्यांची पूजा नाही? मला ते कसंतरीच वाटलं. दादांना विचारलं, ते म्हणाले कर, तुला करायचा तर कर. काका टेबलावर शेवटच्या दोन बंदुका जोडत होते. दसऱ्यानंतर मोठं बुकिंग होतं म्हणून आठवडाभर बसून त्यांनी अकराच्या अकरा उघडून, साफ करून, तेल-ग्रीस करून ठेवलेल्या. ते मान वर न करता म्हणाले, "मनीषा, फुलं वाहा, कुंकू बाहेरून लाव. टोप्या काढू नको हां. आणि अक्षता तर नकोच गो. तांदूळ आत गेला तर मला रडत बसावं लागेल."

सगळे होते तिथे, दादा आणि मैदानावर कामाला असलेली पोरं. मी म्हणाले, "काका, पूजा आहे की ऑपरेशन?" सगळे हसले. काकाही हसले. मग ते घरी गेले, आणि मी टोप्या काढल्या.

टोपी म्हणजे काय, तर प्रत्येक नळीच्या तोंडावर एक लाल रबरी टोपी असते. चुकून कुणाचं बोट दाबलं गेलं तर गोळी बाहेर जाऊ नये म्हणून. बंदुका स्टँडवर उभ्या होत्या, नळ्या वर करून. आता कुंकू काय रबराच्या टोपीला लावायचं? मला ते पटेना. मी अकरा टोप्या काढून ताटात ठेवल्या, अकरा नळ्यांच्या तोंडाला बोटाने कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या आणि अक्षता वाहिल्या. कुंकवात कालवलेल्या, पाणी जरा जास्तच झालेलं, हाताला चिकटत होत्या. आणि मला हात आखडता घेणं जमत नाही, लग्नातसुद्धा पहिल्या मंगलाष्टकातच माझ्या अक्षता संपतात. वाहिल्या. नमस्कार केला. टोप्या परत लावल्या. फोटोही काढले.

हे सांगताना मला काही वाटत नाही, खरं सांगते. मूर्खपणा होता, आणि मूर्खपणा कुणी केला नाही? हे तर मी हसत हसत सांगू शकले असते कुठेही. हे ते नाही.

दसऱ्याला सुट्टी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोठ्या बुकिंगची माणसं आली, एकाच रंगाचे टी-शर्ट घालून. पहिल्याच डावात चार नंबरची बंदूक गेली. घर्रघर्र आवाज, गोळी नाही. मग सात नंबर — एक कट्ट असा आवाज आणि फ्यूज उडाला. मग नऊ. तीन माणसं मास्क वर करून माझ्याकडे बघत उभी. दादा गेटवरून चालत येताना दिसले, आणि दादा भरभर चालत नाहीत कधी, तेव्हा चालत होते.

मी तिन्ही बंदुका घेऊन दुरुस्तीच्या खोलीत गेले. खोली म्हणजे पत्र्याचा कंटेनर, आत काकांचं टेबल. काका यायचे होते, दादांनी फोन केलेला, कोपरीहून रिक्षा मिळायला वेळ. म्हटलं आपण सुरुवात तरी करू. काकांसारखीच केली. चार नंबरची बॅटरी बघितली, बरी. फ्यूज बरा. वायर बरी. नळीत काडी घातली — आणि काडी अडली.

जोर लावला. मागून काहीतरी सुटलं आणि टेबलावर पडलं. प्लास्टिकच्या गोळ्यांचा भुगा, आणि त्यात एक तांदळाचा दाणा. गुलाबी.

मी किती वेळ बघत होते माहीत नाही. मग सात नंबर. तिथेही दाणा. नऊमध्ये दाणा चेचलेला, पण होता. ओला दाणा नळीतून खाली गेलेला, तळाशी जे रबर असतं तिथे बसलेला, दोन दिवसांत कुंकवासकट वाळून घट्ट झालेला. त्यावर गोळ्या येऊन आपटल्या, मागून मोटर ढकलत राहिली, आणि सात-नऊची आतली प्लास्टिकची पट्टी — जी गोळी पुढे सरकवते — ती ताण येऊन मोडली. हे सगळं मला त्याच क्षणी समजलं असं नाही. पण दाणा कुणाचा आहे ते समजलं.

मी काय केलं? मी तीनही नळ्या कापडाने पुसल्या. दोनदा. रबराला लागलेलं कुंकू स्प्रे मारून काढलं. भुगा फुंकून टाकला. आणि ते दाणे जीन्सच्या खिशात टाकले.

हेही ते नाही. अजून पुढे आहे. मी टाळतेय का? टाळतेय.

काका आले. घाम आलेला, शर्टाचं एक बटण चुकीच्या भोकात. दादा मागे उभे, दारात दोन-तीन पोरं. काकांनी चार नंबर लावून बघितली — चालली. साहजिक आहे, मी साफ केलेली. सात नंबरची पेटी उघडली. पट्टी मोडलेली. नऊची उघडली, पट्टी मोडलेली. ती पट्टी त्यांनी हातात धरली, चष्मा कपाळावर घेतला, आणि मला माहीत होतं आता ते काय विचारणार. मोडली ती का मोडली? आठवड्यापूर्वी त्यांनीच बसवलेली. इकडून तिकडून फिरवून बघितली. पुटपुटले — पुढून मोडलीय, म्हणजे पुढे काहीतरी अडलं असणार. आणि मग माझ्याकडे बघितलं. दादांकडे नाही, माझ्याकडे.

"मनीषा, नळीत काडी घातलेलीस? होतं काय आत?"

"घातलेली काका. साफ होती."

हे ते.

मी हे वाक्य बोलले तेव्हा माझा उजवा हात खिशात होता आणि दाणे बोटांना लागत होते. आवाज अजिबात चाचरला नाही. तुम्हाला वाटेल नोकरीच्या भीतीने बोलले असेन. मीही स्वतःला वर्षभर तेच सांगितलं. पण दादा काय नोकरीवरून काढणार होते? चार शिव्या घातल्या असत्या, संध्याकाळी विसरले असते. नाही. दोन दिवसांपूर्वी काकांनी सगळ्यांसमोर सांगितलेलं, अक्षता नको, आणि मी सगळ्यांसमोर त्यांची टिंगल केलेली, आणि तेच सगळे आता दारात उभे होते. त्यांच्यासमोर मी तोंडघशी पडले असते. बस, एवढ्यासाठी.

काकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? मी बघितलं म्हणतेय म्हणजे बघितलं. नळी साफ, तर मग कारण पेटीत. पेटीत काय? पेटी तर त्यांनीच बसवलेली. त्यांनी पुन्हा शोधलं, तासभर शोधलं. मी चहा आणून दिला. कप हलला, थोडा चहा टेबलावर सांडला, आणि मी बघितलं — काका त्या सांडलेल्या चहाकडे बघत होते. मग हाताकडे. मग त्यांनी नव्या पट्ट्या बसवल्या आणि दोन्ही पेट्या बंद केल्या. कारण न सापडता.

दादा त्यांना काही वाईट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, पुरे झाला आता. लय केलात आमच्यासाठी. आता आराम करा." काका हो म्हणाले. स्क्रूड्रायव्हरची कातडी पिशवी टेबलावरच ठेवली. मला म्हणाले, ही तूच वापर आता, तुला हात आहे.

आणि मी वापरली. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. खरं तर आनंद झाला. त्यांच्या टेबलावर बसले, त्यांच्याच क्रमाने बिघाड शोधायला लागले — बॅटरी, फ्यूज, वायर, नळी, मोटर. वर्षभरात मला जमायला लागलं. दादा पाहुण्यांना सांगायचे, ही आमची मनीषा, बाई असून बंदुका खोलते. मी ऐकून घ्यायचे.

दिवाळीला काकूंना फोन करायचे, दरवर्षी. काकू म्हणजे काकांची बायको, गप्पिष्ट बाई, फोन ठेवतच नाहीत. पहिल्या वर्षी म्हणाल्या, अगं ते हात दाखवून आले डॉक्टरला, डॉक्टर म्हणतो वयाचं आहे, काही नाही. दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, आता मेंदूच्या डॉक्टरला दाखवलं, तोही म्हणतो काही नाही, पण यांना पटत नाही. तिसऱ्या वर्षी म्हणाल्या, मिक्सर बंद पडला तो बाहेर दुकानात दिला. "तीस वर्षं मोटरी गुंडाळलेला माणूस घरात बसलाय गो, आणि मिक्सर बाहेर. चष्म्याचा स्क्रू सैल झाला तर तोसुद्धा दुकानात नेतात. म्हणतात, हात गेले माझे."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, काळजी घ्या काकू. आणि फराळाचं विचारलं.

आता मी म्हणाले असते की मला सहन झालं नाही आणि मी धावत कोपरीला गेले, तर वाचायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. मी गेले ते बंदुकीमुळे. गेल्या महिन्यात दोन नंबरच्या बंदुकीने नवंच नाटक सुरू केलं. बोट सोडल्यावरही एक गोळी जास्त सुटायची. हे वाईट. डाव संपला, लोकांनी मास्क वर केले, आणि कुणाच्या हातातून एक गोळी जास्त गेली तर? मी बॅटरी बदलली, स्प्रिंग बदलली, मोटर बदलली. तीनदा पेटी उघडली. दर वेळी टेबलावर दहा वेळा बरी चालायची आणि अकराव्यांदा एक जास्त. शेवटी दादाच म्हणाले, काकांना विचार ना, दाखव तरी.

अख्खी बंदूक रिक्षातून नेली तर पोलीस चौकीतच गेले असते, म्हणून नुसती पेटी आणि जिच्यात मोटर असते ती मूठ घेतली, डब्याच्या पिशवीत घातली आणि रविवारी सकाळी कोपरीला गेले. रस्ताभर ठरवत होते — फक्त बंदुकीचं विचारायचं.

काकांना मला बघून खूप आनंद झाला, हे मुद्दाम सांगते. काकूंनी घावन घातले. वाळलेले काका, पण डोळे तसेच. टीपॉयवर पेपर पसरून मी पेटी ठेवली, बॅटरी जोडली, चालवून दाखवली. ते डोळे मिटून आवाज ऐकत बसले. आठ-नऊ वेळा. मग म्हणाले, थांबवायची जी लिव्हर असते तिचं टोक झिजलंय, चाक तिला धड उचलत नाही, उघडून बघ. मला चार दिवसांत कळलं नाही ते त्यांनी बसल्या जागी, नुसतं ऐकून सांगितलं. मी पेटी उघडली. लिव्हर सापडली, झीज दिसेना. "अगं तिथे नाही, खाली, खालच्या कडेला," असं म्हणत त्यांनी हात पुढे केला — आणि मागे घेतला. दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. शाळेत बाई ओरडल्यावर पोरं बसतात तसे.

"तूच कर. माझे हात गेले," म्हणाले. हसून म्हणाले.

मला ते हसणं बघवलं नाही. मी म्हणाले, "हात नाही गेले काका. तांदूळ होता. माझ्या अक्षतांचा. तिन्ही नळ्यांत होता, मी काढून टाकला आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

स्वयंपाकघरात तव्याचा आवाज थांबला.

काकांनी चष्मा कपाळावर घेतला. मग त्यांनी जे विचारलं ते मी विसरणार नाही. तू असं का केलंस, हे विचारलंच नाही. विचारलं, "नऊमध्येपण?" मी हो म्हटलं. "पट्टी पुढून मोडलेली. मी म्हटलेलं तेव्हा, पुढे काहीतरी अडलंय." हो म्हटलं. "म्हणजे मी बरोबर होतो." हो, काका. त्यानंतर त्यांचा आवाज चढला. मी त्यांना कधी चिडलेलं बघितलं नव्हतं. म्हणाले, चार वर्षं गो, चार वर्षं मी रात्रंदिवस ती पेटी डोक्यात उघडतोय आणि बंद करतोय. मी मान खाली घातली. रडू येत होतं, पण तिथे रडणं म्हणजे पुन्हा त्यांनाच माझी समजूत काढायला लावणं, म्हणून दात दाबून बसले. ते म्हणाले, "तू ऊठ आता. पेटी राहू दे."

काकू दारापर्यंत आल्या. "मी तुला दर दिवाळीला सांगत होते," एवढंच म्हणाल्या, आणि दार लावलं.

सोमवारी मी दादांना सांगितलं. त्यांना माझ्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला असं वाटलं. आराम करा असं त्यांनीच तर सांगितलेलं. "मी बोललो त्यांना. मी," असं दोनदा म्हणाले. मग म्हणाले, टेबलाची चावी ठेव. मी ठेवली, स्क्रूड्रायव्हरची पिशवीही ठेवली. तू गेट आणि बुकिंग बघ, बाकी कशाला हात लावू नको. बरोबरच होतं.

बुधवारी काकांचा फोन. "पेटी झाली. घेऊन जा." पुढे काही नाही.

काकूंनी दार उघडलं. हॉलमध्ये जमिनीवर चादर पसरलेली, तिच्यावर स्क्रू, चिमटे, सोल्डरची तार, एक सुटा मिक्सरसुद्धा. काकू म्हणाल्या, तीन दिवस हे असंच आहे, चादर उचलू देत नाहीत, एक स्क्रू हरवला तर मला सोफा ओढायला लावला. तक्रार करत होत्या आणि चेहरा मात्र उजळलेला. काकांनी माझ्याकडे न बघता पेटी पुढे केली. लिव्हरच्या झिजलेल्या टोकावर पितळेचा तिळाएवढा तुकडा सोल्डर केलेला. तिळाएवढा. मला भिंगाशिवाय त्याची कड दिसेना. "नवी लिव्हर मागव, तोपर्यंत ही चालेल," म्हणाले. चहा विचारला नाही. काकूंनी विचारला, मी नको म्हटलं.

निघताना ते म्हणाले, "हात थरथरतो. तो तेव्हाही थरथरायचा. पण त्यात त्याची चूक नव्हती." मला उद्देशून नव्हतं ते. चादरीवरच्या पसाऱ्याकडे बघत, स्वतःशीच.

दादा स्वतः गाडी घेऊन गेले कोपरीला. काय बोलले ते मला माहीत नाही, मला सांगण्याचं कारणही नाही. गेल्या आठवड्यापासून काका मंगळवार, गुरुवार, शनिवार येतात. कंटेनरमध्ये त्यांच्यासाठी नवा दिवा लावलाय, मोठं भिंग आणलंय. पहिल्याच दिवशी त्यांनी अकरा बंदुका ओळीने मांडल्या आणि संध्याकाळपर्यंत पाच उघडल्या. गुणगुणतात काम करताना. चार वर्षांपूर्वी गुणगुणायचे का, मला आठवत नाही. मी तेव्हा लक्षच दिलं नसेल.

शनिवारी गर्दी होती, तेव्हा त्यांनीच मला हाक मारली, ये, हात लाव. माझ्याशी कामापुरतं बोलतात. गो म्हणत नाहीत. मी शेजारच्या स्टुलावर बसून सोप्या बंदुका करते — बॅटरी, फ्यूज, वायर. एक झाली की त्यांच्याकडे सरकवते आणि सांगते, काका, ही झाली, सगळं तपासलं. ते बरं म्हणतात. मग ती बंदूक जवळ ओढतात आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा स्वतः तपासतात. पूर्वी मी बघितलं म्हटलं की ते बघायचे नाहीत. आता प्रत्येक बंदूक बघतात. त्यांचं बघून होईपर्यंत मी पुढची घेत नाही.